पाचवा पर्याय

ग्रेबिलबाई अकरा वाजता येणार होत्या, आणि सव्वादहाला बाथटबमध्ये कोंबडी होती.

“तिला काढू नकोस, डॅडी,” टिल्डी म्हणाली. ती टबाच्या काठावर बसली होती. एका हातात थर्मामीटर आणि दुसरा हात कोंबडीच्या पाठीवर. “अंडं अडकलंय तिचं. अजून बारा मिनिटं तरी बसवायला पाहिजे. आत्ता काढली तर मरेल.”

ऑरिन डेट्वायलरनं दारातच कपाळाला हात लावला. कोंबडी छातीपर्यंत कोमट पाण्यात होती आणि डोळे मिटून मजेत बसली होती. अंडं अडकलं की कोंबडीला मीठ घातलेल्या कोमट पाण्यात बसवायचं, हे टिल्डीला दोन वर्षांपूर्वी त्यानंच शिकवलं होतं. त्यामुळे आता रागवायचीही सोय नव्हती.

“आणि बाईंना बाथरूमला जायचं असलं तर?”

“पडदा ओढून घेऊ,” टिल्डी म्हणाली. ती अकरा वर्षांची होती आणि तिच्याकडे सगळ्याची उत्तरं असायची.

एवढ्यात धाकटी पर्ल अनवाणी धावत आली. ती सहा वर्षांची होती. बापाच्या कमरेपाशी डोकं आत घालून तिनं विचारलं, “ग्रेबिलनं अंडं दिलं का?”

गेले दोन महिने तो या तपासणीची तयारी करत होता, एकेक कागद लावून ठेवत होता, आणि कोंबडीचं नाव काय आहे हे तो साफ विसरून गेला होता. चूक त्याचीच होती. एका हिवाळ्यात पोरींना आपल्या शाळेच्या गोष्टी सांगताना त्यानं गणिताच्या ग्रेबिलबाईंचं इतकं तिखटमीठ लावून वर्णन केलं, की पुढे वसंतात आणलेल्या पिल्लांपैकी जे पिल्लू सगळ्यांना चोची मारून शिस्तीत ठेवायचं, त्याचं नाव पर्लनं परस्पर ठरवून टाकलं. पोरींची वार्षिक तपासणी करणाऱ्या जुन्या बाई यंदा नवऱ्याबरोबर फ्लोरिडाला राहायला गेल्या, आणि त्यांच्या जागी नेमक्या ग्रेबिलबाईच येतील, हे त्याला तेव्हा कुठून कळणार?

“पर्ल, आज तिचं नाव हेझल,” ऑरिन म्हणाला.

“का?”

“आजच्या दिवस.”

पर्लनं कोंबडीकडे पाहिलं. “पण तिला कळेल का?”

ऑरिननं सतरा वर्षं विहिरींचे पंप बसवले आणि दुरुस्त केले. हॅरोज गॅप गावात आणि आसपासच्या खोऱ्यांत असं घर नव्हतं, की ज्याच्या तळघरात तो पालथा पडून राहिला नव्हता. सहा वर्षांपूर्वी एकदा दोनशे फूट पाइप वर ओढताना त्याची पाठ गेली. डॉक्टरनं वजन उचलायला कायमची बंदी केली. त्याची बायको नोरीन गावातल्या वृद्धाश्रमात अर्धवेळ नर्स होती, ती पूर्णवेळ झाली, आणि त्याच सप्टेंबरात टिल्डी शाळेत जायच्या वयाची झाली. ऑरिन म्हणाला, मी घरीच आहे, मीच शिकवतो. नवऱ्याला तेवढाच उद्योग, असं नोरीनला वाटलं. वर्षभर बघू म्हणता म्हणता सहा वर्षं झाली.

त्याच्या शाळेत घंटा नव्हती आणि फळाही नव्हता. पोरांच्या हाताला काम द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं, एवढंच शिक्षणशास्त्र त्याला ठाऊक होतं. त्यातलं तोंड बंद ठेवणं त्याला फारसं जमत नसे. टिल्डी अपूर्णांक शिकली ते पाव भाजताना, कोन शिकली ते खुराड्याचं छप्पर करताना. पर्ल अंक शिकली ते वॉशरांच्या डब्यातून. तिला अजूनही सोळा म्हटलं की सोळा मिलिमीटरचाच पाना आठवायचा. स्वयंपाकघरातल्या टेबलावर गेले तीन आठवडे एक उघडा पंप होता आणि सगळे त्याच्या कडेकडेनं जेवत होते.

मात्र पेनसिल्व्हेनियाचा कायदा म्हणतो, की घरी शिकवा खुशाल, पण वर्षाचे एकशे ऐंशी दिवस शाळा झाली पाहिजे आणि रोज काय शिकवलं त्याची नोंद ठेवली पाहिजे. वर्षाच्या शेवटी अनुभवी शिक्षकानं ती वही आणि पोरं दोन्ही तपासायची आणि शिक्षण योग्य चाललंय असं लिहून द्यायचं. ऑरिननं वही मनापासून ठेवली होती. ‘४ मार्च. शेजाऱ्यांच्या तळघरात पाणी शिरलं. उपसायला गेलो. विज्ञान, तीन तास. नागरिकशास्त्र, एक तास.’ ‘१९ मार्च. पर्लच्या नाकात वाटाणा. शरीरशास्त्र, अर्धा तास.’ त्याखाली टिल्डीच्या अक्षरात, ‘शिंकून निघाला. हवेचा दाब.’ ‘२ एप्रिल. माझी पाठ धरली. मुलींनी स्वयंपाक केला. गृहशास्त्र, रसायनशास्त्र. अग्निशामक दलाचा नंबर पाठ झाला.’

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग ती परीक्षा आली. पाचवीच्या वर्षी मुलांना छापील परीक्षा द्यावी लागते, आणि ती आईबापांनी घ्यायची नसते. एप्रिलमध्ये चर्चच्या तळघरात घरी शिकणाऱ्या नऊ मुलांना बसवून ती ग्रेबिलबाईंनी घेतली. टिल्डी बाहेर आली तेव्हा चांगली खुशीत होती. पेपर कसा गेला, असं ऑरिननं विचारलं.

“चांगला गेला,” ती म्हणाली. “चुका बऱ्याच होत्या, पण मी सगळ्या दुरुस्त करून दिल्या.”

पोरगी आपलं लिहिलेलं तपासून बघते, याचं ऑरिनला फार कौतुक वाटलं. त्यानं वाटेत तिला आइस्क्रीम घेऊन दिलं.

मे महिन्यात निकाल आला. वाचनात देशातल्या दर शंभर मुलांमागं शहाण्णव मुलं तिच्या मागं होती. गणितात अकरा.

नोरीननं तो कागद फ्रिजवर लावला नाही, यावरूनच ऑरिन काय ते समजला. ती आरडाओरडा करणारी बाई नव्हती. तिसऱ्या दिवशी भांडी विसळता विसळता म्हणाली, की तुझ्या शाळेला मी नावं ठेवत नाही, पण पोरीचं नुकसान होत असेल तर ते मला आता कळायला हवं, ती सोळा वर्षांची झाल्यावर नव्हे. ठरलं ते असं: ग्रेबिलबाईंनी तपासणीत काळजीचा एक शब्द जरी काढला, तरी टिल्डी सप्टेंबरपासून गावातल्या शाळेत जाईल. ऑरिननं मान्य केलं. नोरीनपुढे मान्य न करायची त्याला सवयच नव्हती.

तेव्हापासून त्याला नीट झोप लागत नव्हती. शाळेत टिल्डीचं काही वाईट होईल अशी त्याला भीती नव्हती. ती कुठंही नांदली असती. त्याला भीती होती ती आपण पोरीला सहा वर्षं चुकीचं शिकवलं असं निघेल याची. त्यानं स्वतः अकरावीत शाळा सोडली होती. घरी शिकवायला शालान्त परीक्षेचा कागद लागतो म्हणून चौतिसाव्या वर्षी, पाठीला पट्टा बांधून, तो पोरांसोरांत बसून परीक्षा देऊन आला होता. आणि ज्या ग्रेबिलबाईंच्या सहीवर आता सगळं अडलं होतं, त्यांनीच त्याला नववीच्या बीजगणितात दोनदा नापास केलं होतं. पोरींना त्यानं बाईंच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या, एवढी एक सोडून.

बाई अकराला पाच मिनिटं असतानाच आल्या. सत्तरी उलटून गेली होती, पण चाल तशीच ताठ होती आणि हातातली चामड्याची बॅगसुद्धा बहुतेक तीच होती. दारात त्यांनी ऑरिनला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

“डेट्वायलर,” त्या म्हणाल्या. “तिसरी रांग, खिडकीजवळ.”

“हो, मिसेस ग्रेबिल,” ऑरिन म्हणाला, आणि त्याचा हात आपोआप शर्टाच्या वरच्या बटनाकडे गेला. तो चाळीस वर्षांचा होता, दोन पोरींचा बाप होता.

बाई स्वयंपाकघरात बसल्या. पंप बाजूला करू का, असं त्यानं विचारलं तर नको म्हणाल्या. टिल्डीनं केलेला स्ट्रॉबेरीचा केक त्यांनी खाल्ला, पण तो खातानाही वही वाचणं थांबवलं नाही. पाऊण तास त्या वाचत होत्या. चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. एका ठिकाणी त्यांनी पान उलटलं, मग परत मागं आल्या आणि तेच पान पुन्हा वाचलं. ते वाटाण्याचं होतं की अग्निशामक दलाचं, हे ऑरिनला बसल्या जागेवरून दिसेना.

वही मिटून बाई उठल्या आणि बाथरूम कुठं आहे असं विचारलं.

घरात एकच बाथरूम होतं. टिल्डीनं बापाकडे पाहिलं, बापानं टिल्डीकडे पाहिलं. बाई गेल्या, दार लागलं. मिनिट गेलं, दोन गेली, पाच गेली. पडदा सरकल्याचा आवाज आला. मग पाण्याचा आवाज आला, आणि त्यानंतर कोंबडीचा. ऑरिननं खुर्चीच्या पाठीला घट्ट धरलं. आता बाईंनी काही शब्द काढलाच तर तो निदान काळजीचा नसावा, रागाचा असावा, अशी सोयीस्कर वाट त्याच्या मनानं शोधून काढली. ठरलं होतं ते काळजीच्या शब्दाबद्दल होतं.

दार उघडलं. बाईंच्या बाह्या कोपरापर्यंत वर होत्या.

“पाणी गार झालं होतं,” त्या म्हणाल्या. “मी गरम घातलंय. किती वेळ बसवलीये तिला?”

“दुसऱ्यांदा बसवली, त्याला पाऊण तास झाला असेल,” टिल्डी म्हणाली. “मी मधे बघायला गेले असते, पण डॅडी म्हणाला इथून हलू नकोस.”

“हलायला हवं होतं. अजून दहा मिनिटं ठेव आणि मग अंधारात ठेव, खोक्यात. आमच्या शेतावर आम्ही तसंच करायचो.” हात पुसता पुसता बाईंनी विचारलं, “नाव काय तिचं?”

ऑरिननं तोंड उघडायच्या आत पर्ल म्हणाली, “ग्रेबिल. पण आजच्या दिवस हेझल.”



“ग्रेबिल का?” बाईंनी विचारलं.

“कारण ती सगळ्यांना चोच मारते.”

बाईंनी ऑरिनकडे पाहिलं. त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. बाईंनी बाह्या खाली केल्या, एकेक बटन लावलं आणि पर्लला म्हणाल्या, की कोंबड्यांत कुणीतरी तसं असावंच लागतं, नाहीतर बाकीच्या दाण्यांची नासाडी करतात. मग बॅगेतून एक पुस्तिका काढली आणि टिल्डीला घेऊन मागच्या ओसरीत बसायला गेल्या. त्यांना मुलीशी एकटीशी बोलायचं होतं.

ओसरीवर उघडणारी खिडकी मोरीच्या वर होती. ऑरिननं एक कप धुवायला घेतला आणि तो धूतच राहिला.

“ही तुझी एप्रिलमधली परीक्षा,” बाई म्हणाल्या. “प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय होते. अ, ब, क, ड. तू चौदा ठिकाणी एक पाचवा काढलास.”

“हो,” टिल्डी म्हणाली. “गोल जरा वाकडे आलेत. पट्टीनं गोल काढता येत नाहीत.”

“यंत्राला ते दिसत नाहीत. ते फक्त चार बघतं.”

“मला वाटलं माणूस बघणार.”

ऑरिनच्या हातातला कप तसाच राहिला. परीक्षेचा निकाल तेवढा घरी आला होता, पुस्तिका आली नव्हती. त्याला त्या पाचव्या गोलाचं काहीच ठाऊक नव्हतं.

बाई वाचायला लागल्या. त्यांचा वर्गातला आवाज तसाच होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. एका शेतकऱ्याकडे बारा कोंबड्या आहेत, प्रत्येक कोंबडी रोज एक अंडं देते, तर सात दिवसांत किती अंडी मिळतील? टिल्डीनं चारही पर्याय खोडून खाली लिहिलं होतं, ‘साठ ते पासष्ट. रोज अंडं कुठलीच कोंबडी देत नाही. पिसं गळायला लागली तर शून्य.’ एक पंप मिनिटाला बारा गॅलन पाणी काढतो, तर दीड तासात किती? ‘विहिरीला मिनिटाला पाणी किती येतं ते प्रश्नात दिलेलं नाही. आमच्यासारखी विहीर असली तर अर्ध्या तासात कोरडी पडेल आणि मोटर जळेल. एवढा मोठा पंप कुणी बसवला?’ केकचे आठ सारखे भाग केले, तीन खाल्ले, तर किती उरले? ‘पर्ल घरी असेल तर काही नाही.’ तीन माणसं एक कुंपण सहा दिवसांत रंगवतात, तर सहा माणसांना किती दिवस लागतील? ‘नऊ. सहा माणसं असली की गप्पा मारतात.’

हे शेवटचं ऑरिनच्या दोन्ही भावांबद्दल आणि त्यांच्या मित्रांबद्दल होतं. गेल्या उन्हाळ्यात ते सगळे मिळून कुंपण रंगवायला आले होते, आणि कुंपण अजूनही एका बाजूनं कोरं होतं.

“बारा कोंबड्यांचं बघ,” बाई म्हणाल्या. “पेपर काढणाऱ्याला कुठलं उत्तर हवं होतं असं तुला वाटतं?”

“चौऱ्याऐंशी,” टिल्डी लगेच म्हणाली.

“पंपाचं?”

“एक हजार ऐंशी.”

“कुंपण?”

“तीन. मला माहीत होतं. पण ते खरं नाहीये ना. मला वाटलं त्यांना माहीत नसेल, तर कुणीतरी सांगायला पाहिजे.”

 ओसरीवरून एक विचित्र आवाज आला. बाईंना ठसका लागला की काय म्हणून ऑरिन कप घेऊन तसाच बाहेर धावला. बाई पुस्तिका छातीशी धरून हसत होत्या. तीन वर्षं त्यानं त्यांच्या वर्गात काढली होती, पण बाईंचे दात कसे आहेत हे तो आज पहिल्यांदा बघत होता.

“बस,” त्या डोळे पुसत म्हणाल्या, आणि तो पायरीवर बसला. “डेट्वायलर, मी अडतीस वर्षं गणित शिकवलं. बारा कोंबड्या दर वर्षी कुठल्या ना कुठल्या पेपरात असायच्याच. मी शेतावर वाढले. रोज सकाळी अंडी गोळा करून शाळेत जायची. अडतीस वर्षांत मला एकदाही ते खटकलं नाही.”

 ऑरिन म्हणाला, की तिला सांगायला हवं होतं चारातलाच एक निवड म्हणून. ते सांगायचं राहिलं.

“तुला मी दोनदा नापास केलं,” बाई म्हणाल्या. “ते बरोबरच केलं. तुला काहीही येत नव्हतं.”

टिल्डीनं मान वळवून बापाकडे पाहिलं. “तू नापास झाला होतास?”

“दोनदा,” ऑरिन म्हणाला. “मन लावून.”

“हिला येतं,” बाई म्हणाल्या. “बीजगणित आत्ता सुरू केलंस तरी चालेल. कुणी शिकवलं हिला हे सगळं?”

“तिचं तीच शिकली. मी आपला आसपास असतो.”

“तिचं तिचं कुणी काही शिकत नसतं,” बाई जरा चिडूनच म्हणाल्या, आणि मांडीवरच्या बॅगेवर कागद ठेवून सही केली. शिक्षण योग्य चालले आहे, एवढाच छापील मजकूर होता. त्याखाली त्यांनी स्वतःच्या हातानं एक ओळ लिहिली, की मुलीला परीक्षा द्यायची पद्धत शिकवावी, म्हणजे चूक काय ते कळूनही बरोबर उत्तर देता येईल.

काळजीचा एक शब्द निघाला नव्हता. बाईंची गाडी रस्त्याला लागेपर्यंत ऑरिन फाटकाशी हात हलवत उभा होता. त्याचा जीव भांड्यात पडला होता. सहा वर्षांत प्रथमच त्याला आपली पाठ दुखत नाही असं वाटलं. नोरीनला फोन करावा म्हणून तो वळला, तर टिल्डी मागं उभी होती.

“डॅडी,” ती म्हणाली, “मला शाळेत जायचंय. गावातल्या.”

त्याला आधी ती थट्टा करतेय असंच वाटलं. “अगं, बाईंनी सही केली. आता जायची गरज नाही.”

“म्हणून तर आत्ता सांगतेय. त्यांनी सही केली नसती तर मी नाहीच म्हटलं असतं. तुला वाटलं असतं, तुझं चुकलं म्हणून मला धाडतायत.”

ऑरिन फाटकाला टेकला. कधीपासून हे डोक्यात आहे, असं त्यानं विचारलं. चर्चच्या तळघरात परीक्षेला बसले तेव्हापासून, असं ती म्हणाली. तिथं मधल्या सुट्टीत एका मुलीनं तिच्याशी वाद घातला होता, पृथ्वीच्या पोटात काय आहे यावरून, आणि सुट्टी संपली तरी तो वाद संपला नव्हता. तिला ते फार आवडलं होतं.

“वाद माझ्याशी घाल की.”

“तू लगेच मान्य करतोस.”

हे खरं होतं, आणि तेही त्यानं लगेच मान्य केलं.

“शाळेत काही फार चांगलं नसतं, टिल्डी. मी जाऊन आलोय. दिवसभर बसवून ठेवतात.”

“असेल,” ती म्हणाली. “पण तूच म्हणतोस ना, की पंप बिघडलाय की नाही ते बाहेरून आवाज ऐकून सांगायचं नाही, उघडून बघायचं. मला शाळा उघडून बघायचीय. आवडली नाही तर मी परत लावून ठेवीन.”

त्याचंच वाक्य होतं. तो “बरं” म्हणाला, आणि खुराड्याचं दार नीट लागत नाही ते बघून येतो असं सांगून मागं गेला. दार नीट लागत होतं. तो तिथं पालथ्या बादलीवर बसून थोडा वेळ रडला. कोंबड्या त्याच्या बुटाच्या नाड्या ओढत होत्या. जिंकलो म्हणावं तर पोरगी चालली होती, आणि हरलो म्हणावं तर ती का चाललीय हे ऐकून त्याचा ऊर भरून येत होता. दोन्ही एकदम कसं करायचं हे त्याला कळेना. पर्ल त्याला शोधत आली. तिच्या दोन्ही हातांत मिळून एक अंडं होतं, मोठं आणि जरा लांबट. ग्रेबिल ठीक आहे आणि चिडली आहे, असं तिनं सांगितलं.

संध्याकाळी नोरीन घरी आली, तेव्हा टिल्डीनं तिला पुस्तिका वाचून दाखवली. पर्ल आणि केकचं ऐकून नोरीन ओट्याला धरून हसली. मग टिल्डीनं दुसरी गोष्ट सांगितली आणि पोरी बाहेर पळाल्या.

“तू काय म्हणालास?” नोरीननं विचारलं.

“बरं म्हणालो.”

“आणि?”

“आणि काय. पोरगी बरोबर बोलतेय.”

नोरीननं त्याच्या पाठीवर, दुखतं तिथं, हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. त्या दिवशीची नोंद करायला त्यानं वही उघडली. तारीख लिहिली, काय झालं ते लिहिलं. विषय काय लिहावा ते मात्र त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं ती जागा कोरी सोडली.

ऑगस्टमध्ये तो टिल्डीचं नाव घालायला शाळेच्या कचेरीत गेला. दोघी पोरी बरोबर होत्या. पर्लनं बूट घातले होते, पण आपण ते शाळेच्या धाकानं घातले नाहीत असं तिनं गाडीतच सांगून ठेवलं होतं. टिल्डी काचेच्या दाराला नाक लावून लांबच लांब रिकामा व्हरांडा बघत होती. काउंटरमागं एक तरुण बाई फॉर्म भरून घेत होती. मुलीचं नाव, जन्मतारीख, पालकांचं नाव, पत्ता असं सगळं तिनं मान वर न करता लिहिलं.

“आधीची शाळा?”

“घरी,” ऑरिन म्हणाला.

“हं. आधीच्या शिक्षकाचं नाव?”

“ऑरिन डेट्वायलर.”

“ते पालकाचं झालं. शिक्षकाचं सांगा.”

“तेच.”

तिनं मान वर करून पाहिलं, मग पुन्हा खाली घालून लिहिलं. ती ते लिहीत असताना ऑरिननं उलट्या बाजूनं वाचून घेतलं.

“सहावीच्या सरांना काही विचारायचं असलं, तर शिक्षकांना फोन कधी करावा?”

“कधीही केला तरी चालेल,” ऑरिन म्हणाला. मग त्यानं शेजारी उभ्या असलेल्या पर्लकडे पाहिलं. “नऊ ते तीन सोडून. तेव्हा माझा वर्ग असतो.”

बाईनं तेही लिहिलं. मग तिनं फॉर्म वळवून त्याच्यासमोर ठेवला आणि दोन रेघा दाखवल्या, एक पालकाच्या सहीची आणि एक आधीच्या शिक्षकाच्या सहीची. पहिल्या रेघेवर त्यानं नेहमीची गिचमीड सही उरकली. दुसरीला त्याला वेळ लागला. तिथं त्यानं आपलं पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर सुटं आणि वाचता येईल असं.